मोटारीखाली ओल दिसली की आधी सील बघा : पंपाचं मेकॅनिकल सील बसवणं आणि टिकवणं

विहिरीवरच्या किंवा नदीकाठच्या मोनोब्लॉक पंपाखाली टिपटिप पाणी पडत असेल तर बहुतेक शेतकरी तिकडे दुर्लक्ष करतात. पाणी थोडंच जातंय, असा हिशेब असतो आणि तो खोटाही नाही. मिनिटाला ६० थेंब पडले तरी आठ तासांच्या लाइटीत जेमतेम दीड लिटर पाणी जातं. पण हे पाणी जातं कुठं, ते बघायला हवं. मोनोब्लॉकमध्ये पंप आणि मोटार एकाच शाफ्टवर असतात. सीलमधून सुटलेलं पाणी शाफ्टवरून सरकत आधी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस धुऊन काढतं. बेअरिंग घरघरायला लागतं. तेच पाणी पुढं वाइंडिंगपर्यंत पोचलं की मोटार जळते.

लहान पंपाचं सील काही शे रुपयांत मिळतं. मोटार रिवायंडिंगला टाकली तर खर्च हजारांत जातो आणि चार-पाच दिवस पिकाला पाणी नाही, ते वेगळंच. ऐन उन्हाळ्यात लागणीच्या उसाला किंवा फुलोऱ्यातल्या भाजीपाल्याला हे चार दिवस परवडत नाहीत. त्याहून मोठा धोका म्हणजे ओल्या वाइंडिंगमधून पंपाच्या बॉडीत करंट उतरू शकतो. अर्थिंग धड नसेल तर रात्री ओल्या पायांनी पंपाजवळ गेलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून सीलची गळती ही मोटारीच्या बिघाडाची पहिली खूण समजायची.

ग्लँडची दोरी आणि सील यात फरक काय

जुन्या आणि मोठ्या पंपांवर शाफ्टभोवती ग्लँड असते. तिच्यात चौकोनी दोरीचे वेढे घालून वरून ग्लँड आवळतात. या दोरीतून थोडं पाणी टिपकायलाच हवं, कारण त्याच पाण्यानं दोरी थंड राहते. पुष्कळ जण टिपकणं पूर्ण बंद होईपर्यंत ग्लँड आवळतात. मग दोरी करपते आणि शाफ्टवरच्या स्लीव्हला खाचा पडतात. एकदा स्लीव्हला खाच पडली की नवी दोरीही टिकत नाही.

मेकॅनिकल सीलचं काम वेगळं आहे. त्यात दोन गोल चकत्या एकमेकींना टेकलेल्या असतात. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी पंपाच्या बॉडीत स्थिर असते. फिरणारी सहसा कार्बनची, तर स्थिर चकती, जिला फिटर लोक ‘सीट’ म्हणतात, ती सिरॅमिकची असते. गाळाच्या पाण्यासाठी सिलिकॉन कार्बाइड किंवा टंगस्टन कार्बाइडच्या कठीण चकत्या मिळतात, त्या महाग असतात. मागे एक स्प्रिंग चकत्यांना एकमेकींवर दाबून धरते आणि रबराची बेलो किंवा ओ-रिंग शाफ्टच्या बाजूनं पाणी अडवते.

या दोन चकत्यांची तोंडं आरशासारखी घासलेली असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा जो थर राहतो तो साधारण एक मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस ६०-७० मायक्रॉनचा धरला तर हा थर किती बारीक आहे ते कळेल. त्यामुळं सुटणारं पाणी थेंब होण्याआधीच वाफ होऊन जातं आणि चांगलं सील कोरडं दिसतं. नवं सील सुरुवातीला थोडं पाझरतं, चकत्या एकमेकींवर बसल्या की थांबतं.

टू पोल मोटार मिनिटाला सुमारे २८८० फेरे मारते. आठ तासांत हे फेरे पावणेचौदा लाखांवर जातात. एवढ्या घासण्याची उष्णता तोच बारीक पाण्याचा थर घेऊन जातो. तो गेला की सील गेलं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

सील जास्त करून कोरड्यानं मरतं

सील गेलं की ‘माल खराब निघाला’ असं म्हणायची सवय आहे. बाजारात हलका माल आहेच, पण तेच पंप तीच कंपनी घालून एकाचं सील चार वर्षं आणि शेजाऱ्याचं दोन महिने टिकत असेल तर दोष सीलमध्ये नसतो.

सगळ्यात मोठा घात ऑटो स्टार्टर करतो. रात्री लाइट गेली, पंप थांबला. फुटवॉलमध्ये काडी अडकलेली, त्यामुळं सक्शन पाइपमधलं पाणी हळूहळू विहिरीत उतरलं. पहाटे लाइट आली आणि ऑटोनं मोटार आपोआप सुरू केली. पंपात पाणी नाही. शेतकरी घरी झोपलेला. कोरड्या चकत्या काही सेकंदांतच तापायला लागतात, कार्बन झिजतो, रबर कडक होतं. तेवढ्यात कोणी येऊन गडबडीनं पंपात थंड पाणी ओतलं तर तापलेली सिरॅमिक सीट तडकते. महावितरण ऑटो स्विच काढून टाका म्हणून वारंवार सांगतं ते वेगळ्या कारणानं, सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन डीपीवर भार येतो म्हणून. पण सीलच्या दृष्टीनंही तो सल्ला ऐकण्यासारखा आहे. रात्रपाळीची लाइट असताना ऑटो नको म्हणणं सोपं, पाळणं अवघड, हेही खरं. निदान पंप कोरडा पडला की मोटार बंद करणारा ड्राय रन प्रिव्हेंटर स्टार्टरमध्ये बसवून घ्यावा आणि फुटवॉल दर हंगामाला वर काढून साफ करावा.

कोरडं पडण्याचे आणखी दोन प्रकार आहेत. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप बराच वेळ चालवला तर आतलं तेच पाणी घुसळून तापतं आणि चकत्यांमधला थर वाफ होऊन जातो. ठिबकवाले सगळे सेक्शन बंद करून दुसरा उघडायला जातात तेव्हा हे होतं. आधी पुढचा सेक्शन उघडायचा, मग मागचा बंद करायचा. दुसरा प्रकार सक्शन जास्त असण्याचा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं आणि पंप वरच राहिला, सक्शन सहा-साडेसहा मीटरच्या पुढं गेलं की पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येतो. त्या हादऱ्यानं कार्बनच्या कडा टवके उडून जातात. इथं कितीही महागडं सील घातलं तरी उपयोग नाही, पंपच खाली उतरवावा लागतो.

जुनं सील फेकू नका, आधी बघा

दुकानात नवं सील घ्यायला जाताना जुनं बरोबर न्यायचं, हे साइज मिळवण्यासाठी सगळेच करतात. पण त्याआधी ते धुऊन उजेडात नीट बघितलं तर का गेलं ते बऱ्याचदा तिथंच कळतं.

सीटवर मधून बाहेर जाणाऱ्या बारीक चिरा असतील तर सील कोरडं चाललं किंवा तापल्यावर एकदम थंड पाणी लागलं. कार्बनच्या तोंडावर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे गोल ओरखडे असतील तर पाण्यातून वाळू आली. सीटवर घासल्याचा पट्टा कार्बनच्या तोंडापेक्षा रुंद दिसत असेल तर शाफ्ट डगमगतोय, म्हणजे बेअरिंग गेलंय किंवा शाफ्ट वाकलाय. पट्टा एकाच बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला लागलेलाच नसेल तर सीट तिरकी बसवली गेली होती. रबर फुगून मऊ झालं असेल तर त्याला न चालणारं तेल-ग्रीस लागलं. कडक होऊन तडकलं असेल तर ते तापलं. स्प्रिंगमध्ये गाळ किंवा शेवाळ घट्ट बसून ती दबलेलीच राहिली असेल तर कार्बन झिजला तसा तो पुढं सरकू शकला नाही आणि फट पडली. बेलोच्या आतल्या बाजूला रबर घासून चमकलं असेल आणि शाफ्टवर तसाच पट्टा असेल तर सील शाफ्टला धरलंच नव्हतं, शाफ्ट आतल्या आत फिरत होता.

यातलं कारण दुरुस्त न करता नुसतं सील बदललं तर पंधरा दिवसांनी तेच काम परत करावं लागतं. डगमगणारं बेअरिंग तसंच ठेवून सील घालणारे फिटर काही कमी नाहीत. बेअरिंग बदलायचा खर्च ऐकून शेतकरीच ‘सध्या सील घाल’ म्हणतो, हीही दुसरी बाजू आहे.

बसवताना

आधी लाइट बंद. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडून फ्यूज काढायचे आणि खिशात ठेवायचे. ऑटो असेल तर मोटार कधी सुरू होईल याचा भरवसा नसतो आणि त्या वेळी माणसाचा हात इंपेलरमध्ये असतो.

पंप उघडून इंपेलर काढला की जुनं सील आणि सीट दोन्ही काढायचं. नुसता कार्बन बदलून जुनी सीट ठेवायची बचत करू नये. जुन्या सीटवर जुन्या कार्बनची खाच पडलेली असते, नवा कार्बन तिच्यावर बसत नाही. सील नेहमी जोडीनं बदलतात.

शाफ्ट स्वच्छ पुसून त्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर तिथं खाच आहे आणि तिथून पाणी जाणार. हलका गंज असेल तर एकदम बारीक पॉलिश पेपरनं गोलाकार घासावं, लांबीच्या दिशेनं ओरखडे पाडू नयेत. खोल खाच असेल तर स्लीव्ह बदलावी, स्लीव्ह नसेल तर लेथवाल्याकडं शाफ्ट भरून टर्न करून घ्यावा. मग शाफ्ट हातानं वरखाली आणि मागंपुढं हलवून बघायचा. डायल गेज असेल तर उत्तम. शाफ्टचं डगमगणं ०.०५ मिलिमीटरच्या आत असावं असा सर्वसाधारण नियम आहे. गेज नसेल तर हाताला ‘टक’ जाणवली तरी बेअरिंग बदलायची वेळ झाली असं समजावं.

सीटची चकाकणारी बाजू बाहेर, म्हणजे कार्बनकडं येते. उलटी बसवलेली सीट नव्या पंपातही बघायला मिळते. सीटच्या रबराला साबणाचं पाणी लावून दोन्ही अंगठ्यांनी सगळीकडून सारखं दाबत बसवायची. वर स्वच्छ पुठ्ठ्याची चकती ठेवून दाबलं तर ओरखडा पडत नाही. हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर या वेळी हाताशी नसलेलेच बरे. सिरॅमिकला गेलेली केसाएवढी चीर दिसत नाही, पंप सुरू झाल्यावर दिसते.

रबराला ग्रीस लावायची सवय मोडायला हवी. नायट्राइल रबराला तेल चालतं, पण ईपीडीएम रबर तेल-ग्रीसनं फुगतं आणि दुकानातून आणलेलं काळं रबर कोणतं ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. साबणपाणी दोन्हीला चालतं. शाफ्टवर कीची खाच असेल तर तिच्या धारदार कडेवर आधी टेप गुंडाळायची, नाही तर बेलो सरकवताना आतून कापली जाते. घाई केली की हमखास इथंच नवं सील वाया जातं.

चकत्यांच्या तोंडांना बोट लावायचं नाही. लागलंच तर मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडानं स्पिरिट लावून पुसायचं. बोटाच्या घामाबरोबर गेलेला धुळीचा कणसुद्धा त्या एक मायक्रॉनच्या थरापेक्षा जाड असतो. शेतात काम करायचं तर धूळ येणारच, म्हणून सील पाकिटातून शेवटच्या क्षणी काढायचं आणि वारा सुटला असेल तर पंप झाकून काम करायचं. शक्य असेल तर पंप घरी किंवा वर्कशॉपला आणलेला चांगला.

फिरणारा भाग शाफ्टवर सरकवला की न थांबता त्याच्या जागी न्यायचा, कारण साबणपाणी वाळलं की रबर शाफ्टला घट्ट धरतं आणि मग सील अर्ध्यातच अडकतं. स्प्रिंग किती दाबली जायला हवी हे सीलच्या मापावर ठरतं. जास्त दाबली तर चकत्या तापतात, कमी दाबली तर गळतात. इंपेलर बसल्यावर ती आपोआप योग्य दाबली जाते, पण दुसऱ्या लांबीचं सील ‘बसतंय ना’ म्हणून घातलं की हा हिशेब चुकतो. शाफ्टची जाडी तीच असली तरी सीलची लांबी जुन्याशी जुळवून घ्यावी.

निमुळती एकच स्प्रिंग असलेली सीलं डावी आणि उजवी असतात. मोटार ज्या दिशेनं फिरते तिकडं स्प्रिंग आवळली जायला हवी. उलटी आणली तर ती सैल होऊन शाफ्टवर घसरते. याच कारणानं लाइनमनं डीपीवर किंवा खांबावर वायर बदलल्यावर मोटार उलटी तर फिरत नाही ना, हे क्षणभर चालवून बघणं गरजेचं असतं. अर्थात पंपात पाणी भरून.

सगळं आवळल्यावर शाफ्ट हातानं फिरवायचा. किंचित जड पण सारखा फिरला पाहिजे. पंपात पाणी भरताना हवा पूर्ण निघेपर्यंत वरचा बूच उघडा ठेवायचा, कारण हवेचा फुगा नेमका सीलजवळच अडकतो. मग सुरू करून पहिला अर्धा तास तिथंच थांबायचं. थोडं पाझरून थांबलं तर ठीक. धार लागली तर आशा न धरता उघडायचं.

पंप आणि मोटारीच्या मध्ये खालच्या बाजूला पाणी बाहेर पडायला भोक असतं आणि शाफ्टवर पाणी उडवून टाकणारी रबराची रिंग असते. हे भोक चिखलानं किंवा कुंभारीण माशीच्या घरट्यानं बुजलं तर गळालेलं पाणी बाहेर दिसतच नाही, सरळ बेअरिंगकडं जातं. महिन्यातून एकदा काडी घालून भोक मोकळं करायला पाच मिनिटं लागतात. ‘गळत नाही’ म्हणून निवांत असणाऱ्यांनी आधी हे भोक बघावं.

कारखान्यातले पंप

साखर कारखाने, डिस्टिलरी, दूध संघ, पाणीपुरवठा योजना इथले पंप मोठे असतात आणि मोटार कपलिंगनं वेगळी जोडलेली असते. गळतीचं पाणी मोटारीत जाण्याचा धोका तिथं कमी, पण अलाइनमेंटची भानगड वाढते. पाइप जोडण्याआधी जुळवलेलं अलाइनमेंट पाइपचे बोल्ट आवळल्यावर बिघडतं, म्हणून ते पाइप जोडल्यानंतर डायल गेजनं पुन्हा तपासायचं असतं. पाइप ताणून फ्लँजला आणला असेल तर सील दर हंगामाला जाणार.

इथं बहुधा कार्ट्रिज सील वापरतात. ते जुळवूनच येतं, त्यामुळं लांबी मोजायची कटकट नसते. त्यावर छोट्या सेटिंग क्लिप असतात. ग्लँडचे नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, मग कॉलरचे स्क्रू शाफ्टवर आवळायचे आणि शेवटी क्लिप काढायच्या. क्लिप तशाच ठेवून पंप सुरू केला तर सील पहिल्या फेऱ्यातच मोडू शकतं. काढलेल्या क्लिप जपून ठेवायच्या, सील पुन्हा काढताना लागतात.

उसाचा रस आणि मळी यांची अडचण वेगळी आहे. चकत्यांमधून निसटलेला रस बाहेरच्या बाजूला वाळला की तिथं साखर धरते, चकत्या चिकटतात आणि पंप पुन्हा सुरू करताना कार्बन तुटतो. म्हणून अशा सीलला बाहेरच्या बाजूनं कोमट पाण्याची बारीक धार, ज्याला क्वेंच म्हणतात, ती द्यावी लागते. पाण्याची ही लाइन कोणी ‘वाया जातंय’ म्हणून बंद केली तर सीलचं बिल त्याहून जास्त येतं. तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठीच्या एपीआय ६८२ या मानकात सील २५,००० तास, म्हणजे जवळपास तीन वर्षं सलग चालावं अशी अपेक्षा धरलेली आहे. तिथल्यासारखी देखभाल असेल तरच, हे लक्षात ठेवून हा आकडा बघावा.

पूर आणि पावसाळा

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठाला २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंप पाण्याखाली गेले, ते परत बसवताना पुष्कळांनी वाइंडिंग वाळवलं, बेअरिंग बदलली आणि सीलकडं बघितलंच नाही. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो. तो स्प्रिंगमध्ये आणि बेलोच्या घड्यांत बसून वाळला की सिमेंटसारखा होतो. पुराखाली गेलेल्या पंपाचं सील उघडून धुतल्याशिवाय तो सुरू करू नये. गाळ वाळायच्या आत धुतला तर सील वाचूही शकतं, आठवडाभर गेला तर नवंच घ्यावं.

पूर यायच्या आत वर काढलेला पंप चार महिने गोठ्यात किंवा शेडात पडून राहतो, त्याचीही रीत आहे. आतलं पाणी पूर्ण काढायचं, सक्शन-डिलिव्हरीची तोंडं गोणपाटानं नव्हे तर प्लॅस्टिकनं बांधायची, कारण गोणपाटातून उंदीर आत जातात आणि रबर कुरतडतात. दर पंधरा-वीस दिवसांनी शाफ्ट हातानं दोन-चार फेरे फिरवायचा, तोही सीलवर थोडं पाणी टाकून. नाही तर चकत्या एकमेकींना चिकटून बसतात आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा स्टार्टर दाबला की एकीचा टवका उडतो.

सुटं सील घरात ठेवायचं तर त्याच्या खोक्यातच, उन्हापासून लांब आणि खताच्या किंवा औषधाच्या कपाटात नाही. वर शाफ्टचं माप, पंपाचा एचपी आणि खरेदीची तारीख पेनानं लिहून ठेवावी. तालुक्याचं दुकान रविवारी बंद असतं आणि सीलं बरोबर शनिवारी रात्रीच जातात.